एकनमुना नौकावर्ग : शीडसज्जेतील फेरबदल

एकाच आराखड्याबरहुकूम बांधलेल्या आणि एकाच नियमावलीने नियंत्रित केलेल्या शिडाच्या शर्यती नौकांच्या गटास एकनमुना वर्ग म्हणतात. अशा वर्गाच्या शर्यतीत जी नौका अंतिम रेषा प्रथम ओलांडते ती विजयी ठरते. नौकेची लांबी, वजन किंवा शिडाचे क्षेत्रफळ पाहून वेळेची सूट देण्याचा प्रश्न येथे उद्‌भवत नाही. नौका सारख्याच असल्यामुळे जयापजयाचा निर्णय सुकाणू धरणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहावा, हे या पद्धतीमागील मूळ सूत्र होय. तथापि, नौकेचे सांगाडारूप अंग आणि तिची शीडसज्जा यांच्या बाबतीत हे सूत्र सारख्याच सुलभतेने पाळता येत नाही. अंग एकदा साच्यातून निघाले की सहसा बदलत नाही. याउलट डोलकाठी, तिला आधार देणारे ताणदोर, शिडाच्या तळाशी असणारी आडवी काठी म्हणजे बूम, शीड आणि ते चढवण्याचे व आवरण्याचे दोर व कप्प्या हे सर्व झिजणारे, मोडणारे आणि वारंवार बदलावे लागणारे भाग आहेत. जेथे भाग बदलावाच लागतो, तेथे तो थोडा अधिक चांगला बसवावा हा मोह स्वाभाविक असतो. म्हणूनच एकनमुना वर्गांच्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासातील बहुतेक वाद शीडसज्जेभोवती घडलेले आढळतात.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिकेतील नौकाशर्यती प्रामुख्याने मापनसूत्रांवर चालत. नौकेची काही मापे एका सूत्रात घालून तिची प्रतवारी ठरवली जाई. सूत्रातील पळवाटा शोधून दरवर्षी नवी नौका बांधणे ज्या धनिकास परवडे, त्याच्यापुढे गतवर्षीची नौका निरुपयोगी ठरे. या खर्चिक स्पर्धेवर उपाय म्हणून टॉमस मिडल्टन याने आयर्लंडमधील किंग्जटाउन (सध्याचे डन लीरी) येथे एकाच नमुन्याच्या लहान होड्या बांधून घेण्याची कल्पना मांडली आणि १८८७ मध्ये ‘वॉटर वॅग’ हा वर्ग अस्तित्वात आला. जगातील पहिला एकनमुना वर्ग म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. मूळ होडी सु. ३·९६ मी. लांबीची होती. १९०० मध्ये सभासदांनी तिच्याऐवजी सु. ४·३४ मी. लांबीचा नवा नमुना स्वीकारला. हा आराखडा जेम्स डॉइल या नौकाबांधणी कारागिराची कन्या मेमी डॉइल हिच्या नावावर नोंदलेला असून त्या नमुन्याच्या होड्या डन लीरीच्या बंदरात अद्यापही शर्यतीत उतरतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्थापनेनंतर अवघ्या तेरा वर्षांत या आद्य वर्गास आपला नमुना समूळ बदलावासा वाटला. नमुना स्थिर ठेवणे हे तत्त्व म्हणून सोपे असले, तरी व्यवहारात ते सुरुवातीपासूनच अवघड होते.

स्टार वर्ग : शीडसज्जेतील फेरबदलांचा सर्वांत बोधप्रद इतिहास ‘स्टार’ या वर्गाचा आहे. न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंड साउंड या जलाशयात जॉर्ज कॉरी व त्याच्या सहकाऱ्यांना अल्प खर्चाची लहान शर्यती नौका हवी होती. विल्यम गार्डनर याच्या कार्यालयात १९०७ मध्ये प्रथम ‘बग’ नावाची लहान नौका तयार झाली. ती फारच लहान वाटल्याने त्याच धर्तीवर फ्रान्सिस स्वाइसगथ याने मोठ्या नौकेचा आराखडा केला आणि १९११ च्या हंगामासाठी अशा २२ नौका बांधण्यात आल्या. ६·९२ मी. लांबीच्या या नौकेचे अंग तीक्ष्ण कोन असलेल्या फळ्यांचे असून तिला स्थिर नौतल असते. हे अंग पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मूलतः तसेच राहिले. शीडसज्जा मात्र वीस वर्षांच्या आत दोनदा पालटली.

मूळ स्टारचे मुख्य शीड चौकोनी धाटणीचे होते. त्याची वरची कड डोलकाठीस जोडलेल्या तिरप्या काठीवर ताणलेली असे आणि बूम इतकी लांब होती की ती नौकेच्या मागे बरीच बाहेर येई. १९२१ मध्ये वर्गाने उंच डोलकाठीवरील त्रिकोणी शीड स्वीकारले. या प्रकारास त्या काळी ‘मार्कोनी’ सज्जा म्हणत. कारण अनेक ताणदोरांनी तोललेली उंच डोलकाठी मार्कोनीच्या बिनतारी संदेशाच्या मनोऱ्यासारखी दिसे. १९३० च्या सुमारास डोलकाठी आणखी उंच व बूम आखूड करण्यात आली आणि आजची सज्जा सिद्ध झाली. दोन्ही वेळा बदलाचे कारण एकच होते. वाऱ्याच्या रोखाने तिरके जाताना उंच व अरुंद त्रिकोणी शीड जुन्या चौकोनी शिडाहून सरस ठरते हे अन्य नौकांवर सिद्ध झाले होते आणि जुनी सज्जा कायम ठेवली असती, तर तरुण खेळाडू या वर्गाकडे फिरकले नसते.

या बदलांमागील धोरण विचारपूर्वक आखलेले दिसते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या वर्गसंघटनेने सज्जेतील बदल असा योजला की जुन्या अंगावर नवी डोलकाठी उभारून जुन्या नौकेच्या मालकास शर्यतीत टिकून राहता यावे. अंग बदलले असते, तर शेकडो नौका एका रात्रीत मोडीत निघाल्या असत्या. सज्जा बदलल्याने मालकास फक्त काठी व शीड यांचा खर्च सोसावा लागला. एकनमुना वर्गाची खरी संपत्ती म्हणजे पाण्यावर असणाऱ्या नौकांची संख्या, हे या संघटनेने इतर अनेक वर्गांच्या आधी ओळखले होते. याची दुसरी बाजूही आहे. सु. २६·५ चौ. मी. क्षेत्रफळाची आधुनिक शिडे या नौकेच्या अंगाच्या मानाने फार मोठी आहेत. जोराच्या वाऱ्यात नौका उभी राखण्यासाठी वजनदार सहकारी घेण्याची प्रथा पडली व पुढे संघटनेस खलाश्यांच्या वजनावरच मर्यादा घालावी लागली. सज्जेतील एका निर्णयाचा परिणाम अशा रीतीने अनेक दशकांनंतर माणसांच्या निवडीवर झाला.

लवचिक डोलकाठी : सज्जेच्या मापांत काहीही न बदलता केवळ तिच्या वापरात क्रांती घडवून आणल्याचे उदाहरणही याच वर्गातील आहे. १९३० च्या दशकापर्यंत डोलकाठी जितकी ताठ तितकी चांगली, असा सार्वत्रिक समज होता. हँबर्गचा नौकापटू वाल्टर फोन ह्यूट्शलर याने आपल्या ‘पिम’ या नौकेवर मुद्दाम वाकणारी डोलकाठी व वाकणारी बूम वापरली. डोलकाठीचा मधला भाग पुढे वाकवला, की शिडाच्या पोटातील कापड ओढले जाऊन शीड सपाट होते. काठी सरळ होऊ दिली, की त्याला पुन्हा फुगवटा येतो. परिणामी एकाच शिडाचा आकार शर्यत चालू असताना मंद वाऱ्यास भरदार व जोराच्या वाऱ्यास सपाट असा करता येऊ लागला. पूर्वी याच कामासाठी निरनिराळी शिडे बाळगावी लागत. ह्यूट्शलरने १९३८ मध्ये सॅन डिएगो येथे व १९३९ मध्ये कील येथे स्टार वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि लवचिक काठ्यांचे अनुकरण सर्वत्र सुरू झाले.

तत्कालीन नियमांनी या युक्तीस मज्जाव केला नाही आणि संघटनेनेही ती मागाहून बंद केली नाही. हा निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागेल. कारण लवचिक काठीमुळे एकाच शिडावर अधिक वाऱ्यांत भागू लागले. मात्र तिची किंमतही मोजावी लागली. बारीक व वाकणारी काठी नौकेच्या मागील बाजूस जाणाऱ्या चलत्या ताणदोरांवर तोललेली असते. वळण घेताना त्यांपैकी एक सोडून दुसरा वेळेवर ताणला नाही, तर काठी मोडते. स्टारच्या शर्यतीत डोलकाठी मोडणे ही नित्याची बाब होऊन बसली. १९३२ पासून २०१२ पर्यंत, १९७६ चा अपवाद वगळता, हा वर्ग ऑलिंपिक सामन्यांत होता.

काळे पट्टे व त्यांवरील तोड : शिडाचे आकारमान नियंत्रित करण्याची सर्वमान्य रीत म्हणजे डोलकाठी व बूम यांवर रंगवलेले काळे पट्टे. शीड वर चढवताना त्याचा माथा वरच्या पट्ट्यापलीकडे, तसेच त्याचा मागील कोपरा बूमवरील पट्ट्यापलीकडे जाता कामा नये, असा दंडक असतो. किनाऱ्यावरून किंवा पंचाच्या होडीतून नुसत्या डोळ्यांनी तपासता येणारा हा नियम साधेपणाचा नमुनाच होय. परंतु त्यातून एक तांत्रिक अडचण उद्‌भवली. वारा वाढला की शिडाचे कापड ताणते व त्याचा फुगवटा मागे सरकतो. तो पुन्हा पुढे आणण्यासाठी शिडाची पुढील कड अधिक ताणावी लागते. कड आधीच पट्ट्यापर्यंत ताणलेली असल्यास आणखी ताणण्यास वाव उरत नाही. ती मुळातच आखूड शिवली, तर मंद वाऱ्यात क्षेत्रफळ वाया जाते.

यावर अमेरिकन नौकापटू ब्रिग्ज कनिंगहॅम (१९०७–२००३) याने शोधलेली तोड त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे. १९५८ मध्ये ‘अमेरिका चषक’ शर्यतीत ‘कोलंबिया’ या विजयी नौकेचे सुकाणू त्याच्या हाती होते. त्याने शिडाच्या पुढील कडेत तळाच्या कोपऱ्यापासून थोडे वर एक भोक पाडून त्यातून दोर ओवला. तो दोर खाली ओढला की कड ताणली जाते, परंतु शिडाचे कोपरे पट्ट्यांच्या आतच राहतात. मापनसूत्रावर आधारलेल्या मोठ्या नौकांसाठी काढलेली ही युक्ती लवकरच एकनमुना वर्गांनीही उचलली. नियमाचे अक्षर न मोडता त्याचा हेतूही राखणारी अशी उदाहरणे थोडी आहेत. बहुतेक युक्त्या नियमाच्या हेतूस बगल देणाऱ्या असतात आणि त्यांची वासलात वर्गसंघटनेच्या पुढील सभेत लागते.

फिन व डोलकाठीची रंदाई : स्वीडनच्या रिकार्ड सार्बी याने १९४९ मध्ये आराखडा केलेली ‘फिन’ ही ४·५ मी. लांबीची एकट्याने चालवण्याची होडी १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकपासून टोकिओच्या २०२० च्या (प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या) सामन्यांपर्यंत ऑलिंपिक वर्ग होती. तिच्या डोलकाठीस एकही ताणदोर नसतो. काठी केवळ आपल्या बुडाच्या आधारे उभी असते व वाऱ्याच्या दाबाने मुक्तपणे वाकते. त्यामुळे काठीची लवचिकता हाच या होडीच्या वेगाचा गाभा ठरला. लाकडी काठ्यांच्या काळात खेळाडू स्वतः रंधा घेऊन काठीच्या निरनिराळ्या भागांची जाडी कमी करीत. हलक्या वजनाच्या माणसास मऊ काठी लागे, भारदस्त माणसास ताठ; आणि शीड शिवणाऱ्याने पुढील कडेस दिलेला बाक त्या विशिष्ट काठीच्या वाकण्याशी जुळावा लागे. एकनमुना म्हणवणाऱ्या वर्गात प्रत्येकाची काठी अशी निराळी असे. परंतु हे स्वातंत्र्य नियमांनी जाणीवपूर्वक दिलेले होते. तसे नसते, तर एका ठराविक वजनाच्या माणसांव्यतिरिक्त इतरांना या होडीत स्थान राहिले नसते.

डेन्मार्कचा पॉल एल्वस्ट्रम (१९२८–२०१६) याने १९४८ मध्ये ‘फायरफ्लाय’ या होडीत व त्यानंतर १९५२, १९५६ व १९६० मध्ये फिन होडीत सुवर्णपदके मिळवली. बूम खाली खेचून धरणारा दोर आणि होडीच्या काठाबाहेर ओणवे होण्यासाठी पायांना अडकवण्याचे पट्टे यांचा वापर रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा होता. बूम खेचणारा दोर वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण त्यामुळे शिडाच्या मागील कडेचा ताण शीडदोरापासून स्वतंत्र झाला व काठी वाकवण्याचे आणखी एक साधन हाती आले. ब्राझीलचा यॉर्ग ब्रूडर हा स्वतः लाकडी डोलकाठ्या तयार करीत असे आणि त्या अन्य देशांतील खेळाडूही वापरत. १९७० ते १९७२ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने या वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळवले. १९७३ मध्ये पुढील स्पर्धेस जात असताना पॅरिसजवळील विमान अपघातात त्याचा अंत झाला. त्याच सुमारास फिन वर्गात ॲल्युमिनियमच्या काठ्या लाकडी काठ्यांची जागा घेत होत्या. रंध्याचे काम संपले आणि खेळाडूचे कसब कारखान्यातील नळ्यांच्या निवडीत वापरले जाऊ लागले. १९९० च्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्या आल्या. त्या महाग असल्या, तरी हव्या त्या लवचिकतेची काठी पुनःपुन्हा तशीच घडवता येणे हा त्यांचा मोठा लाभ होता.

खुले व बंद नियम : वर्गनियमांची मांडणी दोन परस्परविरुद्ध गृहीतकांवर करता येते. पहिल्या प्रकारात, म्हणजे खुल्या नियमांत, ज्यास स्पष्ट मनाई नाही ते सर्व चालते. दुसऱ्यात, म्हणजे बंद नियमांत, ज्यास स्पष्ट परवानगी नाही ते काहीच चालत नाही. एकनमुना वर्गांचा कल साहजिकच दुसऱ्या प्रकाराकडे आहे. तथापि, दोहोंचे मिश्रणही आढळते. जॉन वेस्टेल याच्या आराखड्याची, नावाप्रमाणेच ५·०५ मी. लांबीची ‘फाइव्ह-ओ-फाइव्ह’ ही होडी याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या अंगाचा आकार व शिडांची मापे काटेकोर ठरलेली आहेत, पण डोलकाठीचा छेद, ताणदोर व नियंत्रणाचे दोर यांबाबत मालकास बरीच मोकळीक आहे. ज्यांना होडीवर हत्यारे चालवण्यातच आनंद वाटतो असे खेळाडू या वर्गाकडे ओढले जातात. कोकण किनाऱ्यावर यंत्रे येण्यापूर्वी मचव्याच्या तांडेलास डोलकाठी किती कलती ठेवावी वा परभाण किती लांब घ्यावे हे कोणास विचारावे लागत नसे. खुल्या नियमांचा नौकापटू काही अंशी त्याच स्थितीत असतो.

नियमात बदल करण्याची रीत बहुतेक वर्गांत सारखीच आहे. सूचना तांत्रिक समितीकडे जाते, समिती तिची चाचणी घेते, नंतर सभासदांचे मतदान होते आणि शेवटी आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता लागते. १९०७ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय नौकाशर्यत संघटना २०१५ पासून ‘वर्ल्ड सेलिंग’ या नावाने ओळखली जाते. शर्यत भरवणाऱ्या स्थानिक मंडळास आपल्या सोयीने वर्गनियम शिथिल करता येत नाहीत. वर्गनियमांतच तशी तरतूद असावी लागते किंवा वर्गसंघटनेची लेखी अनुमती घ्यावी लागते. नौका नियमानुसार ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. पूर्वी मिळालेले मोजमापाचे प्रमाणपत्र दाखवून त्याला नंतर केलेल्या फेरबदलांचे समर्थन करता येत नाही.

फेरबदलांची सर्वच मागणी वेगाच्या हव्यासातून येत नाही. पुष्कळदा जुने द्रव्यच मिळेनासे होते. इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये शोधल्या गेलेल्या टेरिलीन या कृत्रिम धाग्याचे कापड १९५० च्या दशकात आले आणि सुती शिडे काही वर्षांतच इतिहासजमा झाली. पावसाने आकसणारी, पहिल्या काही दिवसांत जपून ‘बसवून’ घ्यावी लागणारी सुती शिडे कायम ठेवण्याचा आग्रह कोणत्याही मोठ्या वर्गाने फार काळ धरला नाही. उत्तम सरळ धाग्याचे स्प्रूस लाकूड दुर्मिळ व महाग होत गेल्यामुळे धातूच्या डोलकाठ्यांना वाट मिळाली. अलीकडे शीड चढवण्याच्या पोलादी तारेऐवजी न ताणणारे कृत्रिम दोर वापरण्याची मुभा बहुतेक वर्गांनी दिली आहे. तुटलेल्या तारेची टोके हातात घुसण्याचा त्रास त्यामुळे टळला.

लेझर : कठोर एकविधतेचा आदर्श म्हणून ‘लेझर’ या होडीचे नाव घेतले जाते. कॅनडाच्या ब्रूस कर्बी (१९२९–२०२१) याने १९६९ मध्ये इअन ब्रूस याच्याशी दूरध्वनीवर बोलत असता कागदावर तिची पहिली रेखाकृती काढली. शीड हान्स फोग (१९३८–२०१४) याने बेतले. ४·२३ मी. लांबीची ही होडी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात विक्रीस आली. दोन तुकड्यांची ॲल्युमिनियमची डोलकाठी, तिच्यावर पिशवीसारखे चढणारे ७·०६ चौ. मी. चे शीड आणि एकही ताणदोर नाही, अशी तिची सज्जा होती. सर्व भाग अधिकृत उत्पादकाकडूनच घ्यावे लागत व त्यांत कोणताही फेरफार करण्यास मनाई होती. होडी विकत घ्यावी, मोटारीच्या टपावर बांधावी आणि शर्यतीस जावे, इतका हा खेळ सोपा झाला. १९९६ पासून ती ऑलिंपिक वर्ग झाली. लहान शिडाचा ‘रेडियल’ प्रकार २००८ पासून महिलांसाठी आला. या प्रकारांतील वजनाचा प्रश्न सोडवण्याची रीत फिनहून अगदी निराळी आहे. अंग तेच ठेवून डोलकाठीचा खालचा तुकडा व शीड तेवढे बदलले, की हलक्या खेळाडूसाठी दुसरा स्वतंत्र वर्ग तयार होतो.

परंतु नियम गोठवले म्हणून कल्पकता गोठत नाही. मूळ लेझरमध्ये बूम खेचणारा दोर, शिडाची तळकड ताणणारा दोर व कनिंगहॅमचा दोर ओढण्यास फार ताकद लागे, कारण मोजक्याच कप्प्या वापरण्याची परवानगी होती. दोराला दोराच्याच गाठी व फासे मारण्यास मात्र मनाई नव्हती. तेव्हा खेळाडूंनी फाशातून फासा ओवून कप्पीविना कप्पीचे काम साधले. या जंजाळात घर्षण इतके होई की ओढलेला दोर सोडल्यावर लवकर सुटत नसे. पण त्याविना चालतही नसे. नवशिक्यास ही गाठींची विद्या शिकण्यातच काही आठवडे जात. साधेपणा राखण्यासाठी केलेल्या नियमातून सर्व वर्गांतील सर्वांत क्लिष्ट दोरकाम जन्मास आले. अखेर २००१ मध्ये वर्गाने जादा कप्प्यांस परवानगी दिली. काही जुन्या सभासदांना हा तत्त्वभंग वाटला; वस्तुतः त्यामुळे स्त्रिया, तरुण व हलके खेळाडू यांना तेच काम कमी बळात करता येऊ लागले.

दुसरी अडचण डोलकाठीच्या वरच्या तुकड्याची होती. ॲल्युमिनियमची ती नळी जोराच्या वाऱ्यात कायमची वाकत असे किंवा रिबिटाच्या भोकापाशी मोडत असे. वाकलेला तुकडा उलट बाजूने फिरवून वापरणे, मोठ्या स्पर्धेपूर्वी अनेक तुकड्यांतून सरळ तो निवडणे असे प्रकार रूढ झाले. शिडाचेही तसेच होते. अधिकृत शीड महाग व अल्पायुषी असल्याने सरावासाठी त्याच मापाची स्वस्त नक्कल वापरायची आणि शर्यतीत तेवढे अधिकृत शीड चढवायचे, ही रीत जगभर पसरली. ज्यास चार तुकडे व दोन नवी शिडे घेणे परवडते त्याच्या हाती लाभ जातो, हे उघड आहे. एकनमुना पद्धत ज्या विषमतेच्या निवारणार्थ निघाली ती अशा मागच्या दाराने परत येते. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्गाने अधिक जाड कापडाचे, निराळ्या बेताचे शीड व संमिश्र तंतूंचा वरचा तुकडा मान्य केला. दोन्ही बदलांत वेग वाढू नये व आयुष्य मात्र वाढावे, अशी अट होती. नव्या तुकड्याची लवचिकता जुन्या ॲल्युमिनियमशी मिळतीजुळती ठेवण्यात आली, जेणेकरून जुन्या काठीचा मालक मागे पडू नये.

सर्व भाग एकाच गोटातून घेण्याच्या बंधनास निराळ्या प्रकारचा धक्काही बसला. आराखड्याचे हक्क, व्यापारी नाव आणि उत्पादनाचा परवाना हे तीन वेगवेगळ्या हाती गेल्याने २०१३ मध्ये प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. २०१९ मध्ये वर्गसंघटनेने होडीचे नावच बदलून ते आपल्या आद्याक्षरांवरून ‘आयएलसीए’ असे केले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकसाठी तिची निवड कायम करताना, समान अटींवर इतर उत्पादकांनाही परवाने द्यावेत, असा आग्रह वर्ल्ड सेलिंगने धरला. शिडाची पिशवी व काठीची नळी कोणी बनवावी हा प्रश्न अशा रीतीने क्रीडानियमांतून स्पर्धाविषयक कायद्याच्या कक्षेत गेला. ऑलिंपिक सामन्यांत या वर्गाच्या होड्या व त्यांची सज्जा आयोजकांकडूनच पुरवली जाते. तेथे खेळाडूस निवडीचे स्वातंत्र्य जवळजवळ राहत नाही.

भारतातील स्थिती : भारतात संघटित नौकाशर्यतींची परंपरा मुंबईत रॉयल बाँबे यॉट क्लबपासून (१८४६) सुरू होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जॅक होल्ट याने १९५६ मध्ये आराखडा केलेली ‘एंटरप्राइझ’ ही दोघांची होडी विशेष रुजली. निळ्या शिडांची ही होडी जोडशिडांवरच चालते. वाऱ्याबरोबर जाताना उभारायचे फुगीर शीड अथवा डोलकाठीला टांगून होडीबाहेर लोंबकळण्याची दोरी तिच्या नियमांत नाही. सज्जा जितकी साधी तितकी परदेशांतून मागवाव्या लागणाऱ्या भागांची संख्या कमी, हा तिच्या प्रसाराला पोषक ठरलेला गुण होय.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘फायरबॉल’चे. पीटर मिल्न याची ही १९६२ ची होडी मुळात साध्या सज्जेची होती; फुगीर शीड व लोंबकळण्याची दोरी या दोन्ही गोष्टी तिच्या वर्गाने थोड्याच वर्षांत स्वीकारल्या आणि ती वेगवान शर्यती होडी बनली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडासामन्यांतील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने या वर्गात भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. तारापोर पुढे १९८४, १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ‘फोर सेव्हन्टी’ या वर्गात उतरला. भारतीय नौकापटूंनी ऑलिंपिक शर्यतीत पहिले पाऊल त्याआधीच १९७२ च्या म्यूनिक सामन्यांत टाकले होते. सोली काँट्रॅक्टर व ए. ए. बसिथ यांनी ‘फ्लाइंग डचमन’ वर्गात भाग घेतला होता.

एकविसाव्या शतकात भारतीय नौकापटूंचा भर लेझर-आयएलसीए वर्गांवर आहे. मुंबईतील सैन्यदलाच्या नौकायन केंद्रात तयार झालेला विष्णू सरवणन आणि चेन्नईची नेत्रा कुमानन हे दोघेही टोकिओच्या सामन्यांत या वर्गांच्या शर्यतींत सहभागी झाले होते. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली नेत्रा ही पहिली भारतीय महिला नौकापटू होय. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई सामन्यांत सरवणनने आयएलसीए-७ मध्ये कांस्यपदक, तर नेहा ठाकूरने सर्वांत लहान शिडाच्या आयएलसीए-४ या प्रकारात रौप्यपदक पटकावले. या तिन्ही प्रकारांत होडीचे अंग एकच असते. फरक असतो तो काठीच्या खालच्या तुकड्याचा आणि शिडाचा.